वढवाण्याची सवय आणि तट्टेकाडचं जंगल

या बसा, मागे खुर्च्या रिकाम्या आहेत.

आपल्यापैकी बरेच जण थंडीत डभोईकडच्या वढवाण्याला जातात. बडोदा संस्थानाच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, २०२१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे पक्षी बघणं म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. बांधावर उभं राहायचं, दुर्बीण डोळ्याला लावायची. चक्रवाक, पट्टकदंब, बदकं, शेकड्यांनी. मोजताना माणूसच दमतो.

ही सवय घेऊन आम्ही सहा बडोदेकर केरळात तट्टेकाडला गेलो आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो.

एर्नाकुलम जिल्ह्यात, पेरियार नदीच्या काठी हे जंगल आहे. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३३ साली त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांची पाहणी केली होती. १९८३ मध्ये इथे अभयारण्य झालं, ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. क्षेत्र जेमतेम २५ चौरस किलोमीटर. पण हे महाबळेश्वरसारखं डोंगरमाथ्यावरचं रान नव्हे. सखल, दमट, हिरवंगच्च. पक्षी शेंड्यांत आणि मधे नुसती पानं. डोक्यावर मलबारी धनेश कुत्सित हसत होता (त्याचा आवाजच तसा आहे, मी मनाला लावून घेतलेलं नाही) आणि सहा दुर्बिणी सहा दिशांना.

वाटाड्याने शेवटी आम्हाला दुर्बिणी पिशवीत ठेवायला लावल्या. अर्धा तास नुसतं उभं राहायचं. मला रागच आला. त्यातून एक जळू मोज्यात शिरलेली. ती चावते तेव्हा कळत नाही, मोजा लाल झाल्यावर कळतं.

आणि मग एकदम भृंगराज ओरडला. शेपटीच्या दोन लांब तारा, टोकाला पानासारखी पिसं. हा पठ्ठ्या दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. त्याच्यामागून निखार, सुतार, सातभाई अशा पक्ष्यांचा सगळा लवाजमा आला. एकाने पानं हलवली की उडालेले किडे दुसऱ्याला मिळतात, म्हणून ही वरात एकत्र हिंडते. पाच-सात मिनिटं झाडाला जणू जाग आली, मग पुन्हा सामसूम. म्हणजे तिथे पक्ष्यामागे धावायचं नसतं, वरातीची वाट बघायची असते.

दुपारी वाटाड्याने बेडूकमुख्या पक्षी दाखवला. खरं तर ‘दाखवला’ म्हणणं बरोबर नाही. वाटाड्या हातभर अंतरावरच्या वेलीकडे बोट करत होता आणि मला वाळक्या पानांचा झुबका दिसत होता. दहा मिनिटांनी त्या झुबक्याला डोळ्याची फट फुटली. साळुंकीएवढी जोडी, एकमेकांना चिकटून. नर राखाडी, मादी तांबूस. चोच बेडकाच्या जबड्यासारखी रुंद, भोवती मिशा. आमच्यातल्या एकाला शिंक आली, तशी दोघांनी माना हळूहळू, अगदी घड्याळाच्या काट्यासारख्या, वर नेल्या आणि मोडकी फांदी होऊन बसले. उडाले नाहीत. याच्या घरट्यात एकच अंडं असतं आणि दिवसपाळी नराची.

आता शेवटचं छायाचित्र. मलबारी कर्णा पक्षी, नर. पोट लालभडक, छातीवर पांढरी पट्टी. माणूस दिसला की हा पाठ फिरवून स्तब्ध बसतो, आणि पाठ तपकिरी. तेव्हा मधोमध जो तपकिरी ठिपका दिसतोय ना, तो कर्णा. चाळीस मिनिटं थांबलो होतो. लाल पोटाचा फोटो माझ्याकडे नाही.

दिवे लावा कुणीतरी.