पाच मिनिटं पडद्यावर, सत्तर मिनिटं रवींद्र भवनात

(दृश्य : मडगावचं रवींद्र भवन. रिकामं सभागृह. रंगमंचावर माइकचा स्टँड, उंच स्टूल, पाण्याची बाटली.)

मराठी नाटक गोव्याच्या दौऱ्यावर निघतं तेव्हा बसच्या मागून नेपथ्याचा टेम्पो येतो. स्टँडअप करणारा, म्हणजे माइकसमोर एकटाच उभा राहून हसवणारा, थिवीला नाहीतर मडगावला रेल्वेतून उतरतो, खांद्याला एक पिशवी. बरोबर व्यवस्थापक आणि सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं बोलणारा एखादा नवखा. नाटकमंडळी पंधरा-वीस जणांची सोय बघतात, इथं तिघांचं भागतं. दौरा परवडतो तो त्यामुळेच. प्रयोग पडला तर मात्र आड लपायला सोफासुद्धा नसतो.

तिकीट विकतं ते बहुतेकदा टीव्हीवरच्या ओळखीनं. पूर्वी विनोदवीराचं नाव वाद्यवृंदांत, दोन गाण्यांच्या मधे व्हायचं. जॉनी लिव्हर कल्याणजी-आनंदजींच्या दौऱ्यांतून पुढे आले. २००५ मध्ये स्टार वन वाहिनीवर 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' सुरू झालं आणि एकट्यानं उभं राहून बोलणारा माणूस घराघरात पोचला. पहिलं पर्व सुनील पाल यांनी जिंकलं, २००७ चं तिसरं कपिल शर्मांनी. मराठी वाहिन्यांची वाट निराळी. २०१० चं 'फू बाई फू', २०१४ चं 'चला हवा येऊ द्या', २०१८ ची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' हे सगळे मुख्यतः स्किटचे, म्हणजे छोट्या प्रहसनांचे कार्यक्रम. त्यात समोर सहकलाकार असतो, विग असतो, एकाचं वाक्य चुकलं तर दुसरा सावरून घेतो. एकट्याच्या मराठी स्टँडअपला जागा दिली ती पुढे इंटरनेटनं. तेव्हा स्किटमधला ओळखीचा चेहरा एकटा दौऱ्यावर निघाला, की त्याला बरंच काही नव्यानं शिकावं लागतं. आणि काही सवयी सोडाव्या लागतात.

(दृश्य : स्टुडिओ. दिवे, क्रेनवरचा कॅमेरा.)

टीव्हीवरचा एक तुकडा चार ते सात मिनिटांचा. वाक्य अडखळलं तर रीटेक होतो. दुसऱ्यांदा प्रेक्षक कमी हसतात, ते संकलनात भरून काढता येतं. पंचनंतर, म्हणजे हशा आणणाऱ्या वाक्यानंतर, संगीताचा ठोका पडतो. खरी अडचण या ठोक्याची. वर्षभर त्यावर थांबलेला कलाकार मंचावरही तेवढाच थांबतो, आणि ठोका येत नाही. दीड सेकंदाची ती शांतता प्रेक्षकाला लगेच कळते. उपाय एकच : थांबा काढायचा, हसू आलं तर त्याच्या अंगानं थांबायचं. हसण्याची लाट चढत असताना बोललं तर पुढच्या विनोदाचा सेटअप, म्हणजे त्याची मांडणी, बुडतो, पूर्ण ओसरेपर्यंत थांबलं तर वेग जातो. लाट उतरायला लागली की पुढचं वाक्य.

दुसरा फटका मजकुराचा. टीव्हीवर गेलेला विनोद दौऱ्यासाठी जवळजवळ संपलेला असतो. लोकांनी तो मोबाइलवर दहादा पाहिलेला असतो आणि पंच पहिल्या रांगेतूनच ऐकू येतो. म्हणून सत्तर मिनिटांचा प्रयोग वेगळा बांधावा लागतो. ओपन माइकला, म्हणजे मंच कुणालाही खुला असतो तिथं, पाच-पाच मिनिटं घासून, दहातले दोन-तीन विनोद टिकवून. यात वर्ष सहज जातं. प्रत्येक प्रयोग फोनवर ध्वनिमुद्रित करायचा आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचा. आठवणीत सगळेच विनोद हशा घेतात, मुद्रणात तसं होत नाही. रचनेचा साधा नियम असा की दुसऱ्या क्रमांकाचा विनोद आधी आणि सगळ्यात चांगला शेवटी. मधे कुठेतरी एक कॉलबॅक, दहाव्या मिनिटाला टाकलेली गोष्ट साठाव्या मिनिटाला उचलायची.

(दृश्य : पणजी, मांडवीकाठची कला अकादमी.)

आता गोवा. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या कला अकादमीच्या नाट्यगृहात भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी प्रेक्षक चितारले. मध्येच उठून न जाणारे तेवढेच. बाकीच्यांना गृहीत धरू नये. तियात्राची, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या कोकणी नाटकाची, सुरुवात १८९२ मध्ये मुंबईत झाली, पण ते रुजलं गोव्यात. त्यातल्या कांतारांमधून, म्हणजे गाण्यांमधून, राजकारण्यांची टर ऐकत इथला माणूस वाढलाय. शिवाय देवळापुढचं उत्सवी मराठी नाटक. जिवंत विनोद त्याला नवा नाही.

इथं पहिल्यांदा पडतो तो लोकल ट्रेनचा विनोद. विरार-चर्चगेट समजावून सांगेपर्यंत पंच शिळा होतो. सदाशिव पेठेचं चालतं, तेही ऐकीव म्हणून. आणि दौऱ्यावर आलेला प्रत्येक जण गोव्याचा निवांत 'सुशेगाद', काजूची फेणी आणि 'पळय म्हणजे पळ नव्हे, बघ' हे तीन विनोद आपणच शोधल्यासारखे करतो. ते सरळ वगळावेत. प्रेक्षकांशी बोलताना आणखी एक लक्षात ठेवावं. कोकणीत थोरांनाही सहज 'तूं' म्हणतात. प्रेक्षकातून 'तू' आलं तर तो उद्धटपणा नव्हे. डिचोली-पेडण्यासारख्या गावांत निम्मं सभागृह एकमेकांच्या वाड्यावरचं असतं. एकाची फिरकी घेतली की दोनशे जण त्याला ओळखतात. हसू दुप्पट येतं, आणि मर्यादा सुटली तर नाराजीही तेवढीच.

(दृश्य : ध्वनिचाचणी.)

संध्याकाळी पाचला ध्वनिचाचणी. हातातला साधा डायनॅमिक माइक, शुअर एसएम ५८ किंवा तशाच जातीचा, कॉलर माइकपेक्षा भरवशाचा. तोंडापासून तीन-चार बोटं अंतर. जाळी मुठीत धरायची नाही : मागची छिद्रं झाकली जातात, माइक चहूबाजूंनी आवाज ओढतो आणि स्पीकर शिटी मारतात. मुख्य स्पीकर माइकच्या पुढे हवेत, मागे नकोत. कॉर्डलेस असेल तर सेल दर प्रयोगाला नवे, आणि तारेचा एक माइक विंगेत तयार. समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत केबलच्या जॅकवर लवकर गंज चढतो, खरखर सुरू होते. म्हणून स्वतःच्या दोन केबल पिशवीत असाव्यात.

प्रकाश पांढरा, समोरून. रंगीत दिव्यांत भुवई दिसत नाही, आणि निम्मा विनोद तिथंच असतो. प्रेक्षागृह पूर्ण काळोखं करू नये, पहिल्या चार रांगा कलाकाराला दिसायला हव्यात. मान्यवरांच्या राखीव सोफ्यांचं काय करायचं ते आधीच ठरवावं. मान्यवर आले नाहीत तर मंचासमोर मोठं भगदाड पडतं, हसणं तिथपर्यंत येऊन विरतं. तिसऱ्या घंटेला मागच्यांना सरळ पुढे बसवावं. पाचशेच्या सभागृहात दोनशे माणसं विखुरली तर प्रयोग थंड जातो, तीच पहिल्या आठ रांगांत बसवली तर रंगतो.

उत्सवाच्या मंडपात यातलं थोडंच हाती राहतं. छत उंच किंवा उघडं, हसणं वर निघून जातं आणि शेजाऱ्यापर्यंत पोचत नाही. पेडेस्टल पंख्यांची घरघर माइकमध्ये शिरते, बाहेर खाज्यांच्या दुकानांवर गर्दी. अशा ठिकाणी बारीक कोट्या टाळाव्यात आणि वेळ पंचेचाळीस मिनिटांवर आणावी. रात्री दहाचं बंधन वेगळंच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दहा ते सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला बारापर्यंत सूट मिळते, तीही वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस आणि सरकारनं दिली तरच. बंद सभागृहाला ही अडचण नाही. उत्सवात मात्र सत्कार, आभार, बक्षीसवाटप लांबत जातं आणि साडेआठचा प्रयोग सव्वानऊला सुरू होतो. म्हणून पंचेचाळीस मिनिटांची एक आणि तीस मिनिटांची एक, अशा दोन आवृत्त्या पाठ असाव्यात. आणि कॉलबॅकचं बीज पहिल्या पाच मिनिटांतच पेरलेलं असावं, म्हणजे मधलं काहीही कापलं तरी शेवट उभा राहतो.

(दृश्य : मंडपाबाहेर गाडी. व्यवस्थापक केबल गुंडाळतोय. कलाकार कानाला फोन लावून आजचं मुद्रण ऐकतोय.)