प्रोसेस सबमिट झाली, पण फाईल पोचली का? कनेक्ट डायरेक्टच्या रांगा

नमस्कार मंडळी. कनेक्ट डायरेक्ट, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फाईली पाठवणारं सॉफ्टवेअर. त्यात प्रोसेस सबमिट केली, स्क्रीनवर प्रोसेस नंबर आला आणि तुम्ही निर्धास्त झालात. थांबा जरा. नंबर आला म्हणजे सर्व्हरने काम फक्त रांगेत लावून घेतलंय. फाईल अजून जागची हललीही नसेल.

प्रोसेस म्हणजे एक छोटी स्क्रिप्ट. सुरुवातीला नाव, जास्तीत जास्त आठ अक्षरांचं, आणि पलीकडच्या मशीनचं नाव, म्हणजे एसनोड. खाली कॉपी स्टेप: इथून उचल, तिथे ठेव. प्रोसेस जिथून सुटते तो पीनोड. फाईल पाठवणारा तोच असतो असं नाही बरं का, पीनोड पलीकडची फाईल ओढूनही घेऊ शकतो.

[स्क्रीनवर: युनिक्सचं टर्मिनल, सिलेक्ट प्रोसेस कमांड]

आता ही कमांड बघा. शेवटी अर्धविराम हवाच, नाहीतर प्रॉम्प्ट नुसता वाट बघत बसतो. इथे दिसतं तुमची प्रोसेस चारपैकी कुठल्या रांगेत आहे ते. एक्झिक्युशनमध्ये असेल तर चालू आहे. वेटमध्ये असेल तर कनेक्शनसाठी ताटकळतेय. टायमरमध्ये असेल तर ठरलेल्या वेळेची किंवा पुढच्या रिट्रायची, म्हणजे पुन्हा कनेक्ट करून बघण्याची, वाट बघतेय. या तिन्हींत सहसा हात घालायची गरज नसते.

खरा घोळ होल्डमध्ये, म्हणजे अडवून ठेवलेल्या प्रोसेसच्या रांगेत. इथे रांगेच्या नावापेक्षा स्टेटसची दोन अक्षरं महत्त्वाची. एचआय: सबमिट करतानाच होल्ड सांगितला होता. एचओ: ऑपरेटरने थांबवली. एचआर: रिटेन लावल्यामुळे पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलेली प्रत, ती बघून घाबरू नका. एचई मात्र गंभीर. समोरचा सर्व्हर बंद असेल आणि सगळे रिट्राय संपले, तर एरवीच्या सेटिंगप्रमाणे प्रोसेस इथे येऊन पडते. मग ती आपणहून पुन्हा सुरू होत नाही. आधी पलीकडचं दुरुस्त करा, मग चेंज प्रोसेस कमांडमध्ये रिलीज द्या.

चालू प्रोसेस थांबवायची असेल तर? डिलीट इथे लागू होत नाही, ते रांगेत थांबलेल्यांसाठी. चालू असलेलीला फ्लश. पण नुसतं फ्लश केलं की प्रोसेस कायमची गेली! म्हणून माझा आग्रह आहे, सोबत होल्ड इज इक्वल टू येस लिहा. ती एचएस स्टेटसने होल्डमध्ये जाते, नंतर सोडता येते. फाईल मोठी असेल तर कॉपी स्टेपमध्ये चेकपॉइंट, म्हणजे कुठवर पोचलो याची अधूनमधून होणारी नोंद, आधीच लावलेला असावा. मध्येच लाइन तुटली तरी शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढे सुरू होते, पहिल्या बाइटपासून नाही.

शेल स्क्रिप्टमधून सबमिट करत असाल तर सबमिट कमांडला मॅक्सडिले, म्हणजे जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं ते, द्या. मग प्रोसेस संपेपर्यंत कमांड थांबून राहते. पण दिलेली वेळ संपली तर फक्त इशारा येतो, प्रोसेस मागे चालूच असते. तो इशारा बघून घाईत दुसऱ्यांदा सबमिट करू नका, तीच फाईल दोनदा जाईल. आधी सिलेक्ट स्टॅटिस्टिक्स या झालेल्या कामांच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये तो प्रोसेस नंबर टाका आणि कॉपी स्टेप कशी संपली ते सांगणारा कोड बघा. शून्य असेल तर फाईल पोचली.