राणी रडली तर चालते

मंडळी, नमस्कार. समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि अध्यक्षांनी बजावलंय की राजकारण नको. राजघराण्यावर बोललं तर चालेल का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, "त्यांच्या की आपल्या?" दोन्ही, म्हटलं. तेव्हापासून ते घड्याळाकडे बघतायत.

'द क्राउन' तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पाहिलं नाही म्हणणाऱ्यांनीही पाहिलंय. राणी एलिझाबेथ आणि तिच्या घराण्यावरची नेटफ्लिक्सची मालिका, 2016 ते 2023, सहा सीझन. सासूबाई साताऱ्याहून आल्या की आमच्याकडे दुपारचा तोच कार्यक्रम. इंग्रजी बेताचंच, पण डायनाची बाजू त्यांना लगेच कळली. "राणीला सून नांदवता आली नाही," हा त्यांचा निकाल. इथल्या ब्रिटिश वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरून याहून फारसं वेगळं काही सांगितलेलं नाही.

परवा जेवताना याच मालिकेवरून वादाला तोंड फुटलं. इंग्रज आता किती हळवे झालेत, हे मी ऐटीत सांगत होते. 2020 साली चौथा सीझन आला तेव्हा यांचे सांस्कृतिक मंत्री ऑलिव्हर डाऊडेन म्हणाले, सुरुवातीला 'हे काल्पनिक आहे' अशी पाटी टाका, नाहीतर ज्यांनी तो काळ पाहिला नाही ती पिढी हेच खरं धरून चालेल. नेटफ्लिक्सने ऐकलं नाही. 2022च्या ऑक्टोबरमध्ये, राणीला जाऊन जेमतेम महिना-दीड महिना झाला होता, तेव्हा अभिनेत्री ज्यूडी डेंचबाईंनी 'द टाइम्स'ला पत्र लिहून तीच मागणी केली. पाचव्या सीझनमध्ये चार्ल्स पंतप्रधान जॉन मेजर यांच्याकडे आईच्या पायउतार होण्याबद्दल चाचपणी करतो. असं काही घडलंच नव्हतं, हा निव्वळ मूर्खपणा आहे, असं मेजर यांच्या कार्यालयाने कळवलं. एवढ्या गदारोळानंतर नेटफ्लिक्सने यूट्यूबवरच्या ट्रेलरखाली एक ओळ टाकली. मी आणि नवरा हसत होतो.

धाकटीने जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, इतिहास घेतलाय. ताटातून मान वर न करता ती म्हणाली, "आई, त्यांची राणी टीव्हीवर रडली की तू म्हणतेस, शेवटी माणूसच ना. मग आपले महाराज नाचले तर काय होतं?"

काय म्हणायचंय तिला, ते इथे कुणाला सांगायला नको. 2025च्या जानेवारीत 'छावा'चा ट्रेलर आला आणि संभाजी महाराज लेझीम खेळतानाचा तो तुकडा आपण सगळ्यांनी पाहिला. आपल्या ग्रुपवर त्या रात्री जेवढे मेसेज आले तेवढे वर्गणीच्या आठवणीला कधी आलेले नाहीत. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरेंना भेटले, दृश्य काढलं, विषय मिटला. मीही एक लांबलचक मेसेज टाकला होता. अंगठे भरपूर मिळाले. तो मेसेज धाकटीच्या बरोबर लक्षात होता.

आता बघा, शिवजयंतीला याच हॉलबाहेर पालखीपुढे लेझीम खेळतं कोण? आपणच. मी तर ठेका चुकून स्वतःच्याच गुडघ्यावर हाणून घेतलं होतं. त्याचा व्हिडिओ ज्यांच्याकडे आहे त्यांनी कृपा करून डिलीट करावा. महाराजांपुढे नाचायचं, पण महाराजांनी नाचायचं नाही!

नवरा म्हणाला, "त्यांचं वेगळं, आपलं वेगळं." खरंच वेगळं आहे. वढू-तुळापूरला एकदा जाऊन आलेल्या माणसाला हे समजावावं लागत नाही. आणि हीथ्रोची टर्मिनलं तेवढी ओळखणाऱ्या पोरीला ते समजावता येत नाही. मी प्रयत्न केला. चौथीचं पुस्तक, दिवाळीचा किल्ला, अळीव पेरलेला डोंगर, वर सिंहासन. ती म्हणाली, "म्हणजे तुमचे महाराज मातीचे होते." नवऱ्याने वरण मागितलं.

पण धाकटीचंही सगळं बरोबर नाही. राणी रडली तर चालते, असं इथेही सरसकट नाही. 1966च्या 21 ऑक्टोबरला वेल्समध्ये ॲबरफॅनच्या शाळेवर खाणीच्या राडारोड्याचा डोंगर कोसळला, 144 माणसं गेली, त्यांत 116 मुलं. राणी तिथे गेली आठ दिवसांनी. मालिकेत ती कोरड्याच डोळ्याला रुमाल लावते. ते पाहून लोक चिडले. ती खरोखरच हेलावली होती, असं तेव्हाची आठवण असणाऱ्यांनी सांगितलं. एका थेंबावरून वाद! आणि इंग्रजांचा हा मोकळेपणा काही जन्मजात नाही. राणी व्हिक्टोरिया 1901 साली गेली, तरी इथल्या जाहीर रंगमंचावर तिचं पात्र आणायला 1937पर्यंत परवानगी नव्हती. नाटकं लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीतून तपासून घ्यायची पद्धत तर थेट 1968 साली बंद झाली. हे मी धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "पण बंद झाली ना?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, पण 'छावा' आल्यानंतर काय काय झालं ते आठवलं. सिनेमात फितूर दाखवलेल्या गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांच्या वंशजांनी अब्रुनुकसानीची नोटीस दिली, दिग्दर्शकाला माफी मागावी लागली. आता सांगा, मेजरसाहेब तक्रार करतात तर हसायचं, आणि शिर्के करतात तर? दोघांचं म्हणणं एकच, की आमच्या नावावर हे खपवू नका. आणि तिकडे बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणत सुटले, मुघलांचं सोनं सापडेल म्हणून! सिनेमात दाखवलं होतं. डाऊडेनसाहेबांना नुसती भीती वाटत होती, आपण करून दाखवलं. हसा, पण 2025च्या मार्चमध्ये नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली तेव्हा या सिनेमाने भावना पेटल्याचं मुख्यमंत्री विधानसभेत बोलले. तिथे हसण्यासारखं काही नव्हतं.

आणि आपली त्यांच्या राणीशी नाती तरी किती तऱ्हांची! 1896 साली चापेकरांनी मुंबईत व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. पुढच्याच वर्षी 22 जूनला, तिच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली. ही गोष्ट सांगताना आपल्या अंगावर अजून काटा येतो. आणि 2022च्या सप्टेंबरमध्ये त्याच व्हिक्टोरियाच्या खापरपणतीच्या शवपेटीचं दर्शन घ्यायला वेस्टमिन्स्टर हॉलबाहेरच्या त्या मैलोन्‌मैल रांगेत आपलीही माणसं होती. नावं घेत नाही. एकीने डब्यात थालीपीठ नेलं होतं आणि ती आत्ता माईकसमोर उभी आहे. दोन्ही मनापासून. याचा मेळ कसा घालायचा, हे धाकटीने अजून विचारलेलं नाही. विचारेल.

बोलायचं ते यासाठी. पुढच्या महिन्यात याच हॉलमध्ये 'छावा' दाखवायचं ठरलंय, तिकिटं संपत आलीत. मराठी शाळेच्या मोठ्या मुलांनी समितीला चिठ्ठी दिली की सिनेमानंतर अर्धा तास चर्चा ठेवा. यातलं इतिहासात काय आहे, कादंबरीतलं काय आणि दिग्दर्शकाच्या मनातलं काय, हे त्यांना विचारायचंय. समितीत एकमत झालं की उगाच वाद नको, चर्चेऐवजी वडापाव ठेवू. त्या बैठकीला मीही होते आणि वडापावाला माझाही हात वर होता.

पण मुलं विचारणारच. हॉलमध्ये नाही तर गाडीत, गाडीत नाही तर जेवताना. उत्तर देण्याएवढा इतिहास आपल्यातल्या किती जणांनी चौथीनंतर वाचलाय? सभासदांची यादी रात्री डोळ्यांखालून घातली. चर्चा घेऊ शकेल असं एक नाव सापडलं. त्या गृहस्थांना फोन केला तर म्हणाले, "वहिनी, मला पुण्याला येणं-जाणं असतं हो."