ड्राइव्ह काय म्हणतोय, ते आधी ऐका

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप असेल, तर त्याच्या कडेला बटण दाबलं की बाहेर येणारा एक ट्रे असेल. आणि त्याच कपाटात कुठेतरी लग्नाची, बारशाची, नाहीतर घरातल्या कुणाच्या आवाजाची सीडी असेल. एखाद्या दिवशी ती बघावीशी वाटते. आपण ती ट्रेमध्ये ठेवतो, ट्रे आत ढकलतो. काहीतरी खरखरतं, थांबतं, आणि पडद्यावर येतं, ‘कृपया डिस्क घाला’. डिस्क तर आतच असते! तिथून पुढे काय करायचं, ते आज सांगणार आहे.

मी तालुक्याच्या गावी मुलांना संगणक शिकवते, आणि असे लॅपटॉप घेऊन लोक माझ्याकडे येत असतात. पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा झाला तो माझ्या आजीमुळे. २००७ साली माझ्या भावाने तिच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर टेप केल्या आणि एका मित्राकडून त्यांची सीडी करून घेतली. चौदा ट्रॅक, एकूण त्रेचाळीस मिनिटं. कॅसेट पुढे कोकणातल्या पावसाळ्यांत बुरशीने गेली. आजीही गेली. राहिली ती एक सीडी. ती माझ्या लॅपटॉपने वाचायची सोडली, तेव्हा मी दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथे मला सांगितलं, सीडी खराब झालीय, टाकून द्या. ती सीडी आज माझ्या कपाटात आहे आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मिनिटं शाबूत आहेत. दोष ड्राइव्हमध्ये, म्हणजे ट्रेसकट डिस्क वाचणाऱ्या यंत्रात होता.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की दोष डिस्कचा, ड्राइव्हचा की विंडोजचा, हे ठरेपर्यंत काहीही टाकू नका आणि विकतही घेऊ नका.

हे ठरवायचं कसं? कानांनी. खोलीतला पंखा बंद करा, टीव्ही बंद करा आणि ट्रे आत ढकलून लक्ष देऊन ऐका. आधी एक छोटासा ‘खर्र’ असा आवाज येतो. ही लेझरची गाडी डिस्कच्या मधल्या बाजूला जाऊन उभी राहते. डिस्क मधून बाहेरच्या दिशेने वाचली जाते, म्हणून सुरुवात तिथून. मग भिंग वर-खाली होऊन डिस्कचा चमकदार थर नेमका कुठे आहे ते शोधतं, तेव्हा बारीक टिकटिक ऐकू येते. थर सापडला की डिस्क गिरकी घेते आणि ‘सूंऽऽ’ असा एकसारखा आवाज लागतो.

आता यातला आवाज कुठे तुटतो ते बघा. अजिबात आवाज नाही आणि ट्रेवरचा दिवाही लागत नाही, तर ड्राइव्हला वीज पोचत नसेल किंवा त्याची जोडणी सैल झाली असेल. टिकटिक होते पण डिस्क फिरतच नाही, तर भिंगाला थर दिसत नाहीये. भिंगावर धूळ असेल, लेझर मंदावला असेल, किंवा घाईत डिस्क उलटी ठेवली गेली असेल. डिस्क फिरते, थांबते, परत फिरते, परत थांबते, असं चार-पाच वेळा झालं, तर थर सापडतोय पण सुरुवातीची अनुक्रमणिका वाचता येत नाहीये. आणि सगळं छान सुरू होऊन लग्नातल्या सप्तपदीपाशी चित्र अडकत असेल, तर त्या जागी डिस्कवर ओरखडा असण्याची शक्यता जास्त.

याच्याही आधीची एक गोष्ट. लॅपटॉपच्या ट्रेमध्ये डिस्क नुसती ठेवून भागत नाही. मधल्या गोल खुंटीवर ती बसवावी लागते. खुंटीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून अलगद दाबलं की ‘टक्’ असा आवाज येतो. हा टक् आला नाही तर डिस्क तिरकी राहते आणि आत घासते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लॅपटॉपांचं दुखणं या एका आवाजाने मिटलं आहे.

आवाज ऐकून झाले की तीन डिस्क घ्या: दुकानातून विकत आणलेली सिनेमाची डीव्हीडी, विकतचीच गाण्यांची सीडी, आणि घरी भरलेली सीडी. तिन्ही आळीपाळीने लावून बघा. कारण त्या मुगाएवढ्या भिंगाच्या मागे दोन वेगवेगळे लेझर असतात. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा तांबडा, आणि सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. त्यातला एक म्हातारा होऊ शकतो आणि दुसरा ठणठणीत राहू शकतो. माझ्या लॅपटॉपवर सिनेमे बिनतक्रार चालायचे, त्यामुळे ड्राइव्ह चांगला आहे असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. दुकानातल्या माणसानेही तेच धरलं. विकतची भजनांची सीडी लावली तेव्हा ती दोनदा अडखळून लागली. आजीची लागलीच नाही. विकतच्या सीडीवर माहितीचे सूक्ष्म खड्डे साच्यात ठोकलेले असतात. घरी भरलेल्या सीडीत त्यांच्याऐवजी रंगाच्या पातळ थरात लेझरने खुणा उमटवलेल्या असतात, त्यामुळे ती वाचणं मंद झालेल्या लेझरला जास्त जड जातं. पुसून पुन्हा वापरता येणाऱ्या सीडीवरून तर फारच कमी प्रकाश परत येतो, ती सगळ्यात आधी दगा देते. हा उलगडा झाल्यावर मी शेजारच्या काकांच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये आजीची सीडी लावली. आठ-दहा सेकंद गेले आणि चौदा ट्रॅकची यादी पडद्यावर आली.

बरं, तुमच्या तीनपैकी एकही डिस्क लागली नाही, तर भिंग पुसून बघा. लॅपटॉपच्या ड्राइव्हची सोय अशी की ट्रे बाहेर आला की भिंगही त्याच्यासोबत बाहेर येतं, काहीही खोलावं लागत नाही. लॅपटॉप आधी पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. मग ट्रे उघडणार कसा? ट्रेच्या दर्शनी पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक असतं. पेपरक्लिप सरळ करून त्यात आडवी घाला आणि विरोध जाणवेल तिथे थोडा जोर द्या. ट्रे इंचभर पुढे उडी घेतो, बाकीचा हाताने ओढायचा. डिस्क आत अडकली आणि बटणाने ट्रे उघडत नसला, तरी हाच उपाय. सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने पट्टी उचकटू नका.

आता भिंग बघा. गोल, किंचित निळसर झाक असलेलं. ते केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असतं, म्हणून हलक्या हातानेच काम करायचं. आधी फोटोग्राफर वापरतात त्या रबरी फुग्याने धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. मग कान साफ करायच्या नव्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावा, काडी झटका, आणि भिंगावरून एकदा-दोनदा नुसती फिरवा. अत्तर नको, नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको. प्लॅस्टिकचं भिंग त्याने कायमचं आंधळं होतं. पाच-दहा मिनिटं वाळू द्या. आणि ड्राइव्ह उघडा असताना वीज चालू ठेवून आत डोकावू नका. सीडीचा लेझर डोळ्याला धड दिसत नाही, पण इजा करतो.

डिस्क पुसायची रीतही सांगते, कारण ती हमखास चुकते. आपण ताट पुसतो तसं गोल-गोल पुसतो. त्यातून उठणारा ओरखडा वाचनाच्या रेषेच्याच दिशेने जातो आणि सलग माहिती खातो. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसा. सीडीवर चुका सावरण्यासाठी जादा माहिती लिहिलेली असते, त्यामुळे रेषेवरची साधारण अडीच मिलिमीटर सलग जागा गेली तरी ती भरून काढता येते. आडवा बारीक ओरखडा म्हणूनच बहुतेक वेळा चालून जातो. आणखी एक. सीडीचा नाजूक भाग म्हणजे नाव लिहायची वरची बाजू. चमकदार थर त्या वार्निशच्या लगेच खाली असतो. तिथे बॉलपेनने दाबून ‘चि. सौ. कां.’ लिहिलं की थरावर वळ उठतात. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती या बाबतीत जरा टणक.

ड्राइव्ह संगणकाला दिसतच नसेल, म्हणजे विंडोजमध्ये त्याचं चिन्हच नसेल, तर लॅपटॉप सुरू होताना, विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या बायॉस या सेटिंगच्या पडद्यावर त्याचं नाव आहे का बघा. तिथे नाव आहे आणि विंडोजमध्ये नाही, तर बहुधा यंत्राचा दोष नाही. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या यंत्रांची यादी, उघडा, ड्राइव्हच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह असेल तर तो अनइन्स्टॉल करून लॅपटॉप पुन्हा सुरू करा. तरी तिथे १९, ३९ किंवा ४१ या क्रमांकाचा कोड येत असेल, तर सीडी भरायच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने मागे ठेवलेल्या ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, अडकल्या असण्याची शक्यता असते. त्या काढल्या की ड्राइव्ह परत येतो. त्यांचा लांबलचक पत्ता रेडिओवरून सांगत नाही. जाणकाराला ही दोन नावं सांगा, त्याला कळेल. रजिस्ट्रीची नक्कल आधी काढून ठेवायला मात्र सांगा. आणि सिनेमाची डीव्हीडी दिसते पण चालत नाही, एवढीच तक्रार असेल तर ड्राइव्हला बोल लावू नका. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय आपोआप मिळत नाही. व्हीएलसी हा फुकट प्लेअर टाका, चालेल.

बायॉसमध्येही नाव नसेल, तर लॅपटॉप उलटा करा. बऱ्याच मॉडेलमध्ये ड्राइव्ह एकाच स्क्रूने धरलेला असतो, त्याच्याजवळ छोट्या डिस्कचं चित्र कोरलेलं असतं. तो स्क्रू काढला की ड्राइव्ह खणासारखा बाहेर सरकतो. जोडणीचे टोक कोरड्या ब्रशने झाडा आणि घट्ट बसवून बघा. बदलायचाच झाला तर जाडी मोजून जा: १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर. दर्शनी पट्टी जुनीच काढून नव्याला लावता येते.

मी स्वतः मात्र जुन्या लॅपटॉपमध्ये नवा ड्राइव्ह बसवायच्या भरीस पडत नाही. यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा, लॅपटॉप बदलला तरी तो राहतो. तो लॅपटॉपलाच थेट जोडा, एका खाचेच्या अनेक खाचा करणाऱ्या हबमधून नको. डिस्क गिरकी घेते त्या क्षणी त्याला सगळ्यात जास्त वीज लागते. जुन्या यूएसबी २ च्या एका खाचेतून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ते कधीकधी पुरत नाहीत आणि ड्राइव्ह फिरून-फिरून थांबतो. अशा वेळी दोन टोकांची केबल मिळते, दोन्ही टोकं लावायची.

आणि ड्राइव्ह काही का असेना, डिस्क एकदा लागली रे लागली की ती बघत बसू नका. आधी नक्कल काढा. पुसलेल्या भिंगाचा गुण किती दिवस टिकेल, याचा भरवसा नसतो. फायलींच्या डिस्कसाठी डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो जेवढं वाचतं तेवढं आधी उतरवून घेतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि मग त्या जागांकडे परत येतो. ती नोंद घेऊन तुम्ही तीच डिस्क दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये लावलीत, तर उरलेलंच काम पुढे सुरू होतं. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. गाण्यांच्या सीडीसाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरा. तो प्रत्येक तुकडा पुन्हा वाचून ताडून बघतो. वेळ लागतो, लागू द्या.

आजीच्या सीडीला पावणेतीन तास लागले. तेरा ट्रॅक तासाभरात उतरले आणि नववा अडकला. काकांचा ड्राइव्ह त्या एका जागी जायचा, वेग कमी करायचा, पुन्हा जायचा. काकूंनी दोनदा चहा आणून ठेवला. शेवटी रेघ पुढे सरकली. घरी येऊन मी तो नववा ट्रॅक आधी लावला. जात्याची घरघर आहे, आजीचा आवाज आहे, मध्येच तिच्या बांगड्या खुंट्यावर वाजतात. ओवी संपल्यावर ती भावाला विचारते, ‘आलं का रे त्यात?’

नमस्कार.