नफा बारा लाख, मग पैसे कुठे गेले?

वागळे इस्टेट, ठाणे. सकाळचे साडेनऊ. इथल्या रस्त्यांना नावं कमी, नंबर जास्त. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, आणि ही तिची पहिलीच वसाहत. मोठे कारखाने बरेचसे गेले, तिथे काचेच्या इमारती आल्या. गाळे मात्र अजून चालू आहेत.

हा त्यातलाच एक. दोन लेथ, एक सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारं मशीन, कूलंटचा वास. नवरा-बायकोची भागीदारी. मालकांना दुसरं सीएनसी घ्यायचंय, बँकेत अर्ज गेलाय. आकडे आपण सोयीसाठी गोल धरू.

कर भरून नफा १२ लाख. बँकेचा माणूस त्यात ४ लाखांचा घसारा, म्हणजे मशीनची झीज, परत मिळवतो. तो खर्च कागदावरचा, त्यापायी कुणाला चेक गेलेला नाही. मशीनच्या कर्जाचं ३ लाख व्याजही मिळवतो, कारण ते हप्त्यात मोजायचंच आहे. झाले १९ लाख. हप्ते वर्षाला ९ लाख. म्हणजे दुपटीहून जास्त! बँका साधारण सव्वापटीवरही समाधानी असतात. शिक्का मारायला हरकत नाही.

पण मालकांना घर आहे. घोडबंदर रोडला फ्लॅट, त्याचा ईएमआय वर्षाला ५ लाख. घरखर्च, मुलांच्या फिया धरून ८ लाख. शेजारचा गाळा बायकोच्या नावावर, ३५ हजारांनी भाड्याने दिलेला. अर्जात भाडं लिहिलंय ४ लाख २० हजार. मधे दोन महिने गाळा रिकामा होता, मालमत्ता कर भरला, पत्रे बदलले, हे अर्जात नाही. हाती आले ३ लाख.

घरचे ५ आणि ८ मिळून १३, त्यातले ३ भाड्यातून. उरलेल्या १० लाखांची उचल फर्ममधून. नवखा अधिकारी इथेच फसतो. फर्मचे १९ आणि मालकांचे १० असे २९ लिहून मोकळा होतो. अहो, ते १० त्या १९ मधलेच आहेत!

आता नीट मांडू. फर्मचे १९, भाड्याचे ३, एकूण २२. घरखर्च वजा जाता १४. हप्ते ९ आणि ५, तेही १४. नव्या मशीनचा हप्ता कुठून येणार?

आणि हे सगळं, बिलं वेळेवर वसूल झाली असं धरून. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही चाप बसला: मुदत चुकवली, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट नाही. पण मोठ्या कंपनीला कायदा दाखवणार कोण? पुढची ऑर्डर तिथूनच यायची असते. जीएसटी मात्र बिल फाडलं की लागू, पैसे येवोत न येवोत.

मालकांच्या खिशात एक छोटी डायरी आहे. देणी पेनाने लिहिलेली: ५ तारखेला हप्ता, ७ ला पगार, २० ला जीएसटी. येणी पेन्सिलीने. त्या पानाचा कागद खोडून खोडून विरलाय.

फोन वाजतो. "हो साहेब... बरं, सोमवारी." मालक खोडरबर शोधतात.