मु. पो. वडनेर

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकरोडला मेल लागली की हातात पत्र घेऊन टपालाच्या डब्याकडे पळणारी माणसं तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. त्या डब्यालाच पेटी असे. लेट फीचं जादा तिकीट चिकटवलं की ऐनवेळचं पत्रही जायचं. हे तिकीट आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसचं, १९२५ पासूनचं. आपण पाहुण्यांना नोटांच्या प्रेसचं कौतुक ऐकवतो, तिकिटांचं नावही काढत नाही. मला ते खटकतं. असो.

तर हा डबा रेल्वे डाक सेवेचा, म्हणजे आरएमएसचा. गाडी धावत असताना आत पत्रं निवडली जात. धावत असताना, बरं का! आपल्या देशात ही सुरुवात १८६३ साली झाली, अलाहाबाद-कानपूर मार्गावर. आत भिंतभर खाने, पुढच्या स्टेशनाची थैली लाखेनं सील करून तयार.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सॉर्टर आजोबा होते. त्यांचा हा किस्सा. मुंबईहून निघालेली रात्रीची गाडी, इगतपुरी मागे पडलेली. नव्या पोराच्या हाती एक कार्ड आलं. पत्ता एवढाच : मु. पो. वडनेर, जि. नाशिक. आता आपल्या जिल्ह्यात वडनेर तीन! चांदवडकडचं वडनेर भैरव, मालेगावकडचं वडनेर खाकुर्डी आणि देवळालीजवळचं वडनेर दुमाला. पोरानं हिशेब केला, तिनातली दोन मनमाडवरून जातात, म्हणून कार्ड मनमाडच्या खान्यात.

आजोबांनी ते उचललं, उलटं केलं आणि वाचू लागले.

पोरगं म्हणालं, “अण्णा, दुसऱ्याचं पत्र वाचायचं नसतं.”

“मग पाकिटात घालायचं होतं त्यानं!”

ख्यालीखुशाली, पावसाचं, मनीऑर्डरचं. शेवटी एक ओळ : ‘तोफा सुटल्या की म्हैस अजून दावं तोडते का?’

“दुमाला!” अण्णा ओरडले. तोफखान्याचा सराव देवळालीला, म्हैस बुजणार ती तिथलीच. कार्ड नाशिकरोडच्या थैलीत पडलं, थैली सील झाली, तोवर गाडी स्टेशनात शिरत होती.

सगळ्याच कार्डांत म्हैस नसते, म्हणून पिन कोड आला, १५ ऑगस्ट १९७२ला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आपल्या कोकणातले, संस्कृतचे कवी. पहिले तीन आकडे पत्रं निवडण्यासाठी टपाल खात्यानं पाडलेला जिल्हा सांगतात. पहिले तीन. नाशिक शहर ४२२, मालेगाव ४२३. पुढे धावत्या गाडीतली निवड बंद पडत गेली, थैल्या तेवढ्या गाडीनं जात राहिल्या. पत्त्याखाली पिन लिहीत जा, आणि आकडे सुटे सुटे काढा.