लिंकन वकिलांचं पंचांग

श्रोतेहो, नमस्कार. अब्राहम लिंकन म्हटलं की गुलामगिरी आणि यादवी युद्ध आठवतं. पण राष्ट्राध्यक्ष होण्याआधी जवळजवळ पंचवीस वर्षं ते इलिनॉयमध्ये वकिली करत होते. शाळा सगळी मिळून जेमतेम वर्षभराची. कायदा शिकले तो उसन्या पुस्तकांवर, सनद मिळाली १८३६ मध्ये. कामाचे कागद डोक्यावरच्या उंच टोपीत!

मला सांगायचीय ती गोष्ट १८५८ ची, बियर्ड्सटाउन गावच्या कोर्टातली. डफ आर्मस्ट्राँग या पोरावर खुनाचा आरोप होता. याचा बाप जॅक. न्यू सेलम गावात लिंकन नवखे असताना त्यांच्याशी कुस्ती खेळला आणि पुढे जिवलग मित्र झाला. त्याच्या घरी लिंकन जेवले, त्याच्या बायकोनं, हॅनानं, त्यांचे कपडे शिवून दिले. आता जॅक वारलेला, आणि हॅनाचा मुलगा फासाच्या तोंडाशी.

साक्षीदार म्हणाला, रात्री अकराला, दीडशे फुटांवरून, मी वार होताना पाहिला. कसा पाहिला? तर चंद्र डोक्यावर होता. लिंकननी चिडचिड केली नाही. चंद्र, चंद्र, चंद्र, पुन्हा पुन्हा तेच वदवून घेतलं. मग मागवलं पंचांग! वार झाला ती तारीख २९ ऑगस्ट १८५७. चंद्र मावळतो मध्यरात्र उलटताच. म्हणजे अकराला तो डोक्यावर नव्हे, पार क्षितिजाकडे कललेला. कुठल्या तिथीला चंद्र साधारण कधी मावळतो, हे तुमच्या घरातल्या आजीनं पंचांग न उघडता सांगितलं असतं. हल्ली आपण तिथीसुद्धा मोबाईलला विचारतो आणि वर मान करून आकाश बघत नाही, ते असो.

तर अकराला चंद्र डोक्यावर नव्हता, एवढंच दाखवायचं होतं. ज्यूरीनं डफला सोडलं. लिंकननी हॅनाकडून फी घेतली नाही.

बाकीचं तुम्हाला ठाऊकच आहे. आधी राज्याच्या विधिमंडळात, मग काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, एकदाच. त्याच १८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठीचे प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांच्याशी सात जाहीर वादविवाद, ती जागा मात्र हुकली. दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षपद.

आणि हॅना? यादवी युद्धात डफ सैन्यात होता, आजारी पडला. तिनं थेट राष्ट्राध्यक्षांनाच कळवलं, माझा मुलगा घरी पाठवा. १८६३ मध्ये लिंकननी त्याला सैन्यातून मोकळं केलं.